पाण्यावरचा सातबारा

आपल्याकडे शेजारी बांध कोरतो. दर पावसाळ्यात नांगराचा फाळ वीतभर पलीकडे सरकतो आणि दहा-पंधरा वर्षांत चुलत्याच्या शेतातले एक तास आपल्या शेतात येऊन पडते. त्यावरून डोकी फुटतात, कोर्टकचेऱ्या होतात, दोन पिढ्या एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. पण अख्खे शेतच रात्रीतून ओढून नेले, अशी फिर्याद आपल्या कोणत्याही चावडीवर कोणी दिली नसेल. काश्मीरच्या दल सरोवरावर मात्र अशा चोऱ्या होत असत. वॉल्टर लॉरेन्स नावाचा इंग्रज अधिकारी १८८९ साली जमाबंदीच्या कामावर काश्मीरात आला आणि १८९५ साली त्याने त्या खोऱ्याविषयी एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने तळ्यातल्या तरंगत्या बागांची हकीकत दिली आहे. लव्हाळ्याचे दाट थर मुळापासून कापून मोकळे करावयाचे, त्यावर पाणवनस्पती आणि तळचा गाळ चढवावयाचा आणि त्यात काकड्या-टरबुजे लावावयाची. ही बाग तळ्यात खांब ठोकून अडकवून ठेवीत. खांब उपटला की बाग नावेला बांधून कोठेही नेता येई, आणि चोर तसेच करीत.

ज्याचा उभा जन्म जमिनीची मोजणी करण्यात जावयाचा, त्या जमाबंदी अधिकाऱ्याला चोरीला जाणारी जमीन पाहून काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनातून बरेच दिवस जात नव्हता. आपल्या कायद्याने मालमत्तेचे दोन भाग पाडले आहेत, स्थावर आणि जंगम. जमीन स्थावर, बैल जंगम. वाडा स्थावर, गाडी जंगम. तरंगती बाग यांपैकी कशात घालावयाची? आणि बागेऐवजी तेथे घर असेल तर? घराऐवजी नगर असेल तर?

हा प्रश्न रिकामपणाचा उद्योग नव्हे. शहरात माणसाला पाय टेकावयास जागा उरली नाही, तेव्हा शेजारी अमाप पाणी पसरलेले पाहून त्यावरच वसाहत का करू नये, असा विचार जगात वारंवार उठला आहे. गेल्या शे-सव्वाशे वर्षांत त्याचे काय झाले, ते वाचीत असताना मला जे दिसले ते येथे सांगावयाचे आहे.

पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की पाण्यावर माणूस बहुधा हौसेने जात नाही. जमिनीवर त्याला कोणी जागा दिलेली नसते म्हणून तो जातो. श्रीनगरच्या हाउसबोटी आज सहलीचे वैभव म्हणून ओळखल्या जातात. परंतु डोगरा राज्यात परक्याला जमीन विकत घेण्यास मनाई होती, आणि उन्हाळा काढावयास येणाऱ्या गोऱ्या साहेबांना तर बिऱ्हाड हवे होते. हांजी नावाड्यांच्या डुंग्यांवर त्यांनी लाकडी बंगले चढविले, त्यात दिवाणखाना केला, आणि जमिनीचा एक चौरस हातही न घेता ते काश्मीरात राहू लागले. येथे जमीन काही संपली नव्हती. हुकुमाने ती बंद झाली होती. साहेबांपाशी पैसा होता, म्हणून त्यांची अडचण शोभिवंत झाली. ज्यांच्यापाशी पैसा नव्हता, त्यांचे काय झाले ते पाहावयाचे तर हाँगकाँगला जावे लागते.

दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या नावांतच जन्मून नावांतच मरणारी एक जमात होती. किनाऱ्यावरचे लोक तिला तांका म्हणत, आणि त्या शब्दात तुच्छता भरलेली असे. ते स्वतःला नुसते 'पाण्यावरचे लोक' म्हणवीत. त्यांनी जमिनीवर घर बांधू नये, त्यांच्या मुलांनी सरकारी परीक्षेस बसू नये, असा दंडक होता. इ. स. १७२९ मध्ये योंगचंग बादशहाने फर्मान काढून त्यांना किनाऱ्यावर राहण्याची मुभा दिली. पण फर्मानाने कोणाला अंगण मिळत नाही. पुढे इंग्रजांनी हाँगकाँग वसविले तेव्हाही हे लोक पाण्यावरच होते. १९०६ च्या सप्टेंबरात एका तुफानाने तेथे हजारो माणसे बुडविली, त्यांत बहुतेक नावांवरचीच. त्यानंतर सरकारने याउ मा तेइ येथे दगडी बांध घालून नावांना आसरा देणारे बंदर बांधले. ते १९१५ च्या सुमारास पुरे झाले.

हा आसरा वादळापुरता होता. परंतु हळूहळू तेथे मुक्काम पडला. मासेमारी बसत गेली, जुने पडाव समुद्रात जाण्याच्या लायकीचे राहिले नाहीत, आणि ज्या नावेला समुद्र झेपत नाही ती नाव घर झाली. डेकावर फळ्यांची खोपटी उभी राहिली. एका नावेवरून दुसऱ्या नावेवर पाय टाकीत माणसे ये-जा करू लागली. १९६१ च्या शिरगणतीत हाँगकाँगच्या पाण्यावर राहणारे लाखाहून अधिक लोक मोजले गेले. शहरातील जागेच्या टंचाईवर तरंगते नगर हा तोडगा असेल, तर तो तोडगा तेथे नकाशाशिवाय, स्थपतीशिवाय, एक दमडीही सरकारी खर्च न होता अमलात आला होता.

मग तो कसा चालला? पिण्याचे पाणी विकत घ्यावे लागे. मैला तेथेच पडे आणि बंदिस्त बंदरात साचून राही. रांगती पोरे पाण्यात पडू नयेत म्हणून आया त्यांच्या कमरेला दोरी बांधून ती नावेला अडकवून ठेवीत. १९५३ च्या नाताळात शेक किप मेइच्या झोपड्यांना आग लागून पन्नास हजारांवर लोक उघड्यावर आले, तेव्हा सरकारने मजल्यांवर मजले चढवून पुनर्वसनाच्या चाळी बांधावयास प्रारंभ केला. झोपडी जळली म्हणजे माणूस बेघर ठरे. पण जो मुळातच जमिनीवर नव्हता, त्याला रांगेत उभे राहावयासही वर्षे लागली. १९७९ च्या जानेवारीत याउ मा तेइचे नाववाले आम्हांलाही घरे द्या असा अर्ज घेऊन गव्हर्नरकडे निघाले. त्यांना व त्यांच्याबरोबरच्या समाजसेवकांना वाटेतच पकडून बेकायदा जमावाचा आरोप ठेवण्यात आला. पुढे टप्प्याटप्प्याने त्यांना किनाऱ्यावर घरे मिळाली. आणि नंतर, १९९० च्या दशकात, ज्या बंदरात त्यांच्या नावा एकमेकींना खेटून उभ्या असत ते बंदरच भरावाने बुजविण्यात आले. त्या बाजूचा तीनशेहून अधिक हेक्टर समुद्र जमीन झाला आणि तेथे रस्ते व गगनाला भिडणारी घरे उठली. नावांवर माणसे होती तोवर त्या जागेला मोल नव्हते. दगडमाती पडताच आले.

आता दुसरे टोक. याच सुमारास, हाँगकाँगच्या नावांवर माणसे दाटत असताना, जपानातील तरुण स्थपती समुद्रावरच्या नगरांचे नकाशे काढीत होते. तोकियोची वस्ती १९६२ साली एक कोटीच्या घरात गेली. गृहनिर्माण महामंडळाचे अध्यक्ष कानो हिसाअकिरा यांनी १९५८ साली तोकियोचा उपसागर भरून काढण्याची योजना मांडली होती. केंझो तांगे यांनी उपसागर ओलांडून जाणारा नगराचा एक लांबच लांब कणा आखला, आणि १९६१ च्या पहिल्या दिवशी तो जपानी लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. पण यांतला माझा मनुष्य तिसराच. कियोनोरी किकुताके हे क्यूशू बेटावरच्या जमीनदार घराण्यात १९२८ साली जन्मले. महायुद्धानंतर जपानात कूळकायदा झाला आणि पिढ्यांची जमीन गेली. आपल्याकडे ज्यांच्या घरात असे घडले, त्यांतले कोणी वकील झाले, कोणी राजकारणात शिरले, कोणी ओसरीवर बसून जुने कागद चाळीत राहिले. किकुताके यांनी मात्र माणसाने स्वतः जमीन घडवावी हा ध्यास घेतला. १९५८ पासून ते समुद्रावरच्या नगराचे आराखडे काढीत होते: पाण्यावर तरंगणाऱ्या प्रचंड चकत्या, त्यांवर मनोरे, आणि मनोऱ्यांना फळांसारखी लगडलेली घरे. ज्याची जमीन सरकारने घेतली, त्याने अशी जमीन कल्पिली की जिच्यावर कोणाचाच वारसा नाही! कादंबरीकाराला या माणसाचा मोह पडला तर नवल नाही.

अमेरिकेतही बकमिन्स्टर फुलर यांनी १९६७ साली तेथील गृहनिर्माण खात्यासाठी ट्रायटन सिटी नावाचे तरंगते नगर आखले. पाच हजार वस्तीचा एक घटक, असे अनेक घटक किनाऱ्याला आणून जोडावयाचे. ते नमुन्यावरच राहिले. किकुताके यांचे नशीब थोडे बरे. १९७५ साली ओकिनावा येथे सागरी प्रदर्शन भरले, त्यासाठी त्यांनी 'ॲक्वापोलिस' उभारले. शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद. हिरोशिमाच्या गोदीत बांधून समुद्रातून ओढून नेलेले. लाखो लोक ते पाहून गेले. १९९३ साली ते बंद पडले आणि २००० साली मोडीत काढण्यासाठी शांघायकडे ओढून नेण्यात आले.

जपानने हा नाद तरीही सोडला नाही. १९९५ साली जहाजबांधणी व पोलादाच्या कंपन्यांनी एकत्र येऊन 'मेगाफ्लोट' नावाचा प्रयोग सुरू केला. योकोसुकाजवळ एक हजार मीटर लांबीची तरंगती धावपट्टी जोडली आणि तिच्यावर विमाने उतरवून दाखविली. लोखंड तरंगले, विमान उतरले, शास्त्र पास झाले. पण विमानतळ मात्र भरावावरच बांधले गेले. ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळासाठीही तरंगता पर्याय पुढे आला होता. तो बाजूस सारून समुद्रात डोंगर ओतण्यात आला. विमानतळ १९९४ साली उघडला आणि त्याचे बेट आजवर दहा मीटरांहून अधिक खचले आहे. मेगाफ्लोटचा एक तुकडा शिझुओका शहरात गळ टाकून बसणाऱ्यांच्या उपयोगी पडला होता. २०११ साली फुकुशिमाच्या अणुभट्टीचे दूषित पाणी साठविण्यासाठी तो उचलून नेण्यात आला. जमिनीला पर्याय म्हणून जन्मलेली वस्तू अखेर टाकी झाली.

खचणारे बेट चालते आणि तरंगणारे का चालत नाही? याचे उत्तर मुंबईच्या माणसाला कोणी शिकवावयास नको. मुंबई ही भरावाची मुलगी आहे. सात बेटांमधल्या खाड्या बुजवून ती एक झाली, आणि बुजविलेला प्रत्येक हात विकला गेला. १८६४-६५ साली बॅकबे भरण्याच्या कंपनीचे शेअर घेण्यासाठी शहर वेडे झाले होते. अमेरिकेतील यादवी संपताच कापसाचा भाव कोसळला आणि प्रेमचंद रायचंदांसारखे कुबेर धुळीस मिळाले. गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत तोच उद्योग पुन्हा आरंभिला गेला. त्यातील गैरकारभार खुर्शेद नरिमन यांनी चव्हाट्यावर मांडला, त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला, आणि ते निर्दोष सुटले. पुढे त्या भरणीच्या टोकालाच त्यांचे नाव मिळाले. एवढ्या ठेचा खाऊनही भराव थांबला नाही, कारण भरावातून प्लॉट निघतो. प्लॉट गहाण पडतो, नातवाला जातो, त्याची किंमत पडून राहिल्याने वाढते. तरंगते घर जहाजासारखे असते. पडून राहिले की गंजते, आणि त्याची किंमत दर पावसाळ्याला उतरते. सावकार स्थावरावर कर्ज देतो, जंगमावर हात आखडतो. समुद्रावरची नगरे लाटांनी बुडविली नाहीत. ती वहीखात्यातच बुडाली.

मग हा सारा खटाटोप व्यर्थच म्हणावा काय? तसेही नाही. हॉलंडने त्यातून एक वाट काढली आहे, आणि ती मुळात गरिबांनी पाडलेली वाट आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ॲम्स्टरडॅममध्ये घरांची भयंकर टंचाई झाली. त्याच वेळी मालवाहतुकीचे जुने पडाव नव्या मोठ्या जहाजांपुढे टिकेनासे होऊन भंगारात निघत होते. घर नसलेल्यांनी ते पडाव घेतले आणि कालव्याच्या कडेला बांधून त्यांत संसार थाटले. नगरपालिकेला हे आवडले नाही. पण तिने त्यांना हुसकावून लावण्याऐवजी हळूहळू परवाने दिले, नंबर दिले, पाण्याचा नळ दिला, वीज दिली. आज त्या शहरात सुमारे अडीच हजार हाउसबोटी आहेत, आणि नाव बांधण्याच्या जागेला खुद्द नावेहून अधिक मोल येते. पुढे एयबुर्ख या नव्या वसाहतीत २०१० च्या आसपास मुद्दाम आखलेली तरंगती घरे आली. ती गोदीत बांधली गेली आणि कालव्यातून ओढून आणली गेली. त्यामुळे वाटेतल्या जलद्वाराच्या रुंदीहून घराची रुंदी अधिक ठेवता आली नाही.

या घराचे गणित मी आमच्या शाळेत फळ्यावर मांडले होते. सात मीटर रुंद आणि दहा मीटर लांब असा काँक्रीटचा पोकळ हौद घ्या. घरासकट त्याचे वजन शंभर टन धरा. एक घनमीटर पाणी एक टन भरते. तेव्हा शंभर घनमीटर पाणी बाजूस सारीपर्यंत हौद बुडणार, म्हणजे सुमारे एक मीटर त्रेचाळीस सेंटिमीटर. घरात आणखी सात टन सामान आले की घर दहा सेंटिमीटर खाली जाणार. आणि पुस्तकांची कपाटे सगळी एकाच भिंतीला लावली तर त्या बाजूला कलणार. मुलांना मोठी मौज वाटली. नंतर मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, मोरीचे पाणी कुठे जाते?"

आर्किमिडीज ज्या प्रश्नाजवळ थांबला नाही, तो हा प्रश्न होता, आणि तरंगत्या नगरांचा सगळा इतिहास त्यात सामावतो. ॲम्स्टरडॅमच्या हाउसबोटींचा मैला कित्येक दशके सरळ कालव्यात पडत होता. या शतकात नगरपालिकेने नावेनावेला नळी जोडून तो शहराच्या गटारांत वळविण्याचे काम हाती घेतले. याउ मा तेइ आणि ॲम्स्टरडॅम यांत लाकडाचा फरक नव्हता, पाण्याचाही नव्हता. काठावरून नावेपर्यंत आलेल्या चार नळ्यांचा होता. नळ, वीज, मोरी, आणि चौथी नळी कागदाची, म्हणजे परवान्याची. ती ज्याला मिळाली तो रहिवासी झाला, ज्याला मिळाली नाही तो उपरा राहिला.

या कागदाची नळी किती महत्त्वाची, ते अमेरिकेतील एका खटल्यात दिसून आले. फ्लॉरिडातील एका शहराने धक्क्याला बांधलेले एक तरंगते घर हे जहाज आहे असे म्हणून जहाजांच्या कायद्याखाली जप्त केले आणि मोडून टाकले. मालक वरच्या कोर्टात गेला. २०१३ च्या जानेवारीत तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ते जहाज नव्हतेच. निकाल लागला, घर गेलेच होते. हॉलंडने हा गोंधळ कायद्यानेच मिटविला. २०१८ पासून तेथे हाउसबोटींना बांधकामाच्या नियमांत स्थान मिळाले.

माझ्या व्यवसायामुळे आणखी एक उदाहरण मनाला लागते. नायजेरियात लागोस शहराच्या कडेला माकोको म्हणून खाजणातली वस्ती आहे. तेथील घरे पाण्यात रोवलेल्या खांबांवर उभी असतात. २०१२ च्या जुलैत सरकारने तिचा एक भाग तोडला. पुढच्याच वर्षी तेथे कुन्ले अदेयेमी या स्थपतीने पिंपांवर तरंगणारी तीन मजली लाकडी शाळा बांधली. जगभर तिची छायाचित्रे झळकली. २०१६ च्या जूनमध्ये वादळी पावसात ती कोसळली. मुले आधीच हलविली होती म्हणून कोणाला इजा झाली नाही. शाळेची कल्पना सुंदर होती. पण सरकार ज्या वस्तीला वस्तीच मानीत नाही, तेथे शाळेची दुरुस्ती कोणाच्या अंदाजपत्रकात मांडावयाची?

तेव्हा तरंगत्या घरांनी शहराची जागेची टंचाई मिटते काय, या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. संख्येने पाहिले तर मिटत नाही. खुद्द एयबुर्खचा आराखडा अठरा हजार घरांचा होता आणि त्यात तरंगती घरे दोनशेच्या आतच. बाकी सारी भरावाच्या बेटांवर. जेथे पाणीच चढणार आहे, तेथे मात्र या विद्येला तोड नाही. मास नदीकाठच्या मासबोमेल गावी २००५ च्या सुमारास बांधलेली घरे एरवी जमिनीवर बसलेली असतात, आणि पूर आला की खांबांच्या आधाराने पाच मीटरांपर्यंत वर उचलली जातात. मालदीवसारख्या देशाने तरंगत्या वसाहतीचे नकाशे काढावे आणि २०२२ साली दक्षिण कोरियातील बुसान शहरासाठी तसाच आराखडा जगापुढे मांडला जावा, यात म्हणूनच वेडेपणा नाही. समुद्र वर येऊ लागला की भरावाला उंची वाढविता येत नाही. तराफा आपोआप वर येतो.

पण असा आराखडा हाती आला की मी मनोरे पाहत नाही. काठाकडून किती नळ्या येतात, त्या कोणाच्या खर्चाने येतात, आणि तेथे आज ज्यांच्या नावा बांधलेल्या आहेत त्यांची नावे कोणत्या यादीत घातली आहेत, ते मी आधी शोधतो. बहुतेक आराखड्यांत ही यादी नसते. ती असेल तर तराफा काय आणि भराव काय, माणूस तेथे संसार मांडील. ती नसेल तर आपण पाण्यावर फक्त आणखी एक प्रदर्शन बांधतो आहोत, आणि त्याला ओढून नेणारी बोट कोठल्या तरी धक्क्याला तयारच असते.